काही काम नव्हतं, म्हणून गेलो

(महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

माझ्या सत्राला कार्यक्रमपत्रिकेत 'विरंगुळा' असं नाव दिलंय आणि ते सगळ्यात शेवटी, परतीच्या गाड्यांच्या तोंडावर ठेवलंय. यात संयोजकांचा दोष नाही. मी संयोजक असते तर मीही असंच केलं असतं. सकाळी हिंसा, मग रेशन, जेवणानंतर मालमत्तेतला वाटा, आणि वेळ उरला तर विरंगुळा. आपल्या रोजच्या दिवसाचंही असंच असतं. वेळ उरला तर. तो कधी उरत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तेव्हा ज्यांना एसटी पकडायची आहे त्यांनी खुशाल मधून उठून जावं. मला वाईट वाटणार नाही.

मी गेली अकरा वर्षं मुंबईत, धारावी आणि सायनच्या मधल्या वस्त्यांमध्ये काम करते. एम.एस.डब्ल्यू. झाले आणि इथेच रुजू झाले. आमचं एक छोटं समुपदेशन केंद्र आहे. त्याला जोडून घरकामगार बायकांचा एक गट आहे, बावीस जणींचा. बहुतेक जणी माटुंगा, किंग्ज सर्कल, दादर पारशी कॉलनी या भागात धुणं-भांडी, झाडू-पोछा, चपात्या अशी कामं करतात. पहाटे वस्तीतून निघायचं, चार-पाच घरं करायची, दुपारी परत येऊन आपलं घर करायचं आणि संध्याकाळी पुन्हा दोन घरं.

दोन वर्षांपूर्वी एका बैठकीत मी सहज विचारलं, ''गेल्या महिन्यात स्वतःसाठी म्हणून कुणी कुठे गेलं होतं का?'' खरं सांगायचं तर बैठक सुरू करायला काहीतरी हवं म्हणून विचारलेला प्रश्न होता. बराच वेळ कुणी बोलेना. मग उत्तरं आली. एक म्हणाली, बँकेत केवायसीला. एक म्हणाली, सायन हॉस्पिटलला, पण मुलाला घेऊन. एक म्हणाली, माहेरी गेले होते ना, वडील वारले तेव्हा. आणि आमच्या गटातल्या सगळ्यात मोठ्या मावशी, साठीच्या आसपासच्या, त्या म्हणाल्या, ''काम नसताना बाईनं जायचं तरी कुठं, ताई?''

मग मी विचारलं, समजा जायचंच ठरवलं, तर काय कराल? इथे मात्र सगळ्या एकदम बोलायला लागल्या. त्या गलक्यातून तीन गोष्टी मी वहीत लिहून घेतल्या. दुसऱ्यानं रांधलेलं आणि दुसऱ्यानं वाढलेलं बसून जेवायचं. काहीतरी चांगलं बघायचं, टीव्हीवरचं नाही, समोर. आणि हातात पिशवी नसताना चालायचं.

ही तिसरी मागणी मला घरी गेल्यावरही सोडेना. तुम्ही रस्त्यावरच्या बायका एकदा नीट बघा. हातात पिशवी असते, मूल असतं, डबा असतो, काहीच नसलं तर कानाला फोन असतो. म्हणजे बघणाऱ्याला कळावं की ही उगाच फिरत नाहीये. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतल्या बायका आणि सार्वजनिक जागा यांचा अभ्यास करून २०११ साली 'व्हाय लॉयटर?' हे इंग्रजी पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शहरात बाईला वावरायची परवानगी आहे पण ती कारण दाखवून. आणि तिला खरा हक्क मिळायचा तर तो विनाकारण रेंगाळण्याचाही मिळाला पाहिजे. मी ते पुस्तक शिकत असताना वाचलं होतं, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं. पण माझ्या गटातल्या बायका तेच 'पिशवी नसताना' या दोन शब्दांत सांगतील असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आपली भाषाही बघा. बाई फिरली की ती उंडारते. ती भटकभवानी होते, गावभवानी होते. पुरुषाच्या मागे 'भटक्या' लावलं की त्याला गड-किल्ले हिंडणारा म्हणून मान मिळतो.

तर एक रविवार ठरवायचा असं ठरलं. आता पैसे. मी आमच्या संस्थेच्या बैठकीत विषय मांडला. खजिनदार आमच्या जुन्या सहकारी आहेत, मनानं चांगल्या आहेत. त्यांनी विचारलं, हा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा? अर्जात 'उद्देश' असा एक रकाना असतो. मी 'क्षमताबांधणी' लिहिलं, मग खोडलं. 'नेतृत्वविकास' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी 'जेवणे व फिरणे' लिहिलं तेव्हा एकजण म्हणाली, ''अगं, देणगीदार काय म्हणतील? बायकांना मार बसतोय आणि तुम्ही त्यांना हॉटेलात नेताय?''

मैत्रिणींनो, मला त्या वेळी उत्तर देता आलं नाही. मार बसणाऱ्या बाईला आपण पोलीस स्टेशनला नेतो, दवाखान्यात नेतो, कोर्टात नेतो. तिला मार बसू नये एवढंच आपण तिच्यासाठी मागतो का? मार थांबल्यावर तिनं काय करायचं, याचं आपल्याकडे काही चित्र आहे का? मला वाटतं आपल्या चळवळीतही एक सोवळेपणा आहे. दुःखाला आपण लगेच जागा देतो, आनंदाची मात्र पावती मागतो.

संस्थेकडून पैसे नाहीत म्हटल्यावर गटानंच ठरवलं, आठवड्याला वीस रुपये, पाच महिने. मीही तेवढेच घातले.

त्याआधी एक रंगीत तालीम झाली, तीही सांगते. जागा बघून यावी म्हणून मी आणि तिघीजणी एका संध्याकाळी कामावरून परतताना एका हॉटेलात शिरलो. नाव सांगत नाही. गल्ल्यावरच्या माणसानं माझ्यामागच्या तिघींकडे बघितलं आणि म्हणाला, ''पार्सल ना? तिकडे बाजूला उभ्या राहा.'' आवाज चढवला नाही, काही नाही. त्याच्या दृष्टीनं या बायका हॉटेलात येतात त्या शेठाणीचं पार्सल न्यायला. मी तोंड उघडणार तोच आमच्यातली एक पुढे झाली आणि म्हणाली, ''बसायचंय. चार जागा.'' जागा मिळाली. चहा प्यायलो. पण बाहेर पडल्यावर ती म्हणाली, ''ताई, चहा गोड होता का? मला कळलंच नाही.''

मग कुठे जायचं यावर दोन बैठका झाल्या. हसू नका, मालमत्तेच्या हक्कावर एवढी चर्चा झाली नव्हती. शाकाहारी जेवायचं हे मात्र लवकर ठरलं. गटात दोघी माळकरी आहेत, तिघी मुसलमान आहेत, त्यांना हलालचा प्रश्न, एकीचा गुरुवार, एकीचा चतुर्थीचा घोळ. सगळ्यांना एका पंगतीत बसून एकच जेवता येईल असं म्हटलं तर भाजी-भातच. पण एका बौद्ध मैत्रिणीनं हात वर केला. म्हणाली, ''जेवू, मला काही नाही. पण त्या पाटीवर 'शुद्ध शाकाहारी' लिहिलेलं असतं, तर आमचं घरचं अशुद्ध का?''

यावर घाईघाईनं समजूत काढण्यात अर्थ नव्हता. मुंबईत घर भाड्यानं घेताना 'फक्त शाकाहारी' या दोन शब्दांआडून जात आणि धर्म कसा विचारला जातो हे ती भोगून बसली होती. आम्ही असं ठरवलं, की शाकाहारी हा शब्द ठेवायचा, शुद्ध हा शब्द गाळायचा. आणि पुढच्या खेपेला सुकट-भाकरी.

आमच्याकडे समाजकार्याची एक विद्यार्थिनी क्षेत्रकार्याला येत होती. ती वीगन. म्हणजे मांस-मासे-अंडी नाहीतच, पण दूध, दही, तूप, मधही नाही. फक्त जे झाडावर, वेलीवर, जमिनीत येतं तेवढंच. तिनं हे समजावून सांगितल्यावर बीडकडच्या एका ताईंनी शांतपणे विचारलं, ''म्हणजे आमच्या लहानपणासारखं?'' सगळ्या खो-खो हसल्या. भाकरी, ठेचा, अंबाडीची भाजी, दुष्काळात हुलग्याचं माडगं. दूध असलंच तर ते डेअरीला जायचं. आता हेच महागड्या हॉटेलांत नवीन नावानं मिळतं. ती पोरगीही हसली आणि मग तिनं माडगं कसं करतात ते लिहून घेतलं.

शेवटी माटुंगा ठरलं. धारावीपासून चालत जाता येतं आणि गटातल्या निम्म्या जणी रोज तिथे कामाला जातात. माटुंगा स्टेशनसमोर, बाजाराच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर 'ए. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग' आहे. १९४२ पासूनचं. केळीच्या पानावर जेवण. खालून रोज जाणाऱ्या आमच्या बायकांना ते ठाऊक होतं, जिना मात्र कुणी चढलं नव्हतं.

बावीस जणींपैकी तेरा आल्या. नऊ जणी का आल्या नाहीत तेही सांगते. एकीच्या मुलाला ताप. दोघींच्या मालकिणींकडे पाहुणे. एकीची सासू 'नाही' म्हणाली. तिघींनी आधी हो म्हटलं आणि सकाळी फोन बंद ठेवले. दोघी म्हणाल्या, एवढ्या पैशात घरातल्या सगळ्यांचं मटण येईल, एकटीनं गिळायला जीव होत नाही.

आणि आलेल्या तेरांपैकी नऊ जणींनी घरी सांगितलं होतं, ''मीटिंग आहे.'' हा शब्द आपण त्यांना दिलाय. गेल्या कित्येक वर्षांत चळवळीनं गरीब बाईला दिलेली ही एक मोठीच सोय आहे, मीटिंगला जाऊ नको म्हणायला नवरा कचरतो. एकीनं माझ्याकडे संस्थेच्या कागदावर चिठ्ठी मागितली. मी लिहून दिली: 'उपस्थिती आवश्यक.' सही केली, शिक्का मारला. ते चूक होतं की बरोबर, हे तुम्हीच मला सांगा. मी अजून ठरवू शकलेले नाही.

आता जेवण. पान मांडलं, पाणी शिंपडलं, वाढपी आला. भात, सांबार, रस्सम, भाज्या, पुऱ्या, पापड. पहिली दहा मिनिटं मला नुसतं बघत बसावंसं वाटलं. एकीचं जेवण पाच-सात मिनिटांत संपलं. तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. ती रोज ओट्याशी उभ्यानं जेवते, तिचा हातच तसा पडलाय. वाढपी पुन्हा भात घेऊन आला तेव्हा ती गोंधळली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ''घेऊ?'' दुसरी जेवून उठताना सवयीनं शेजारणीचं पान उचलायला वाकली. तिला दोघींनी हाताला धरून बसवलं.

तिथेच एकीनं आपल्या सासूची गोष्ट सांगितली. तिची सासू लालबागला खाणावळ चालवायची. दहा बाय दहाच्या खोलीत गिरणीतल्या गाववाल्यांना दोन वेळचं जेवण. पाळीप्रमाणे माणसं यायची, पैसे पगाराला मिळायचे, तोवर वाण्याकडे उधारी, उधारीवर व्याज. या खाणावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली एकत्र केलं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं, हे आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना माहीत आहे. राष्ट्रीयीकृत बँकांकडून या बायकांना कर्ज मिळवून देणं ही तेव्हा अशक्य वाटणारी गोष्ट त्यांनी करून दाखवली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. पगार बंद म्हणजे खाणावळीही बसल्या. सासूनं तरीही कित्येक महिने चार पोरांना उधारीवर जेवू घातलं. ते पैसे काही आले नाहीत. सून म्हणाली, ''माझी सासू जन्मभर पुरुषांना वाढत राहिली. कुणी पुरुष तिला वाढतोय हे तिनं बघितलं असतं ना, तर पान सोडून पळाली असती.''

मला त्या दिवशी एक गोष्ट नव्यानं दिसली. मुंबईतल्या उडुपी हॉटेलांचा इतिहास म्हणजे दक्षिण कानडातून घर सोडून आलेल्या पोरांचा इतिहास. कोवळ्या वयात आली, दिवसा कपबशा विसळल्या, रात्रशाळेत शिकली. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण रांधणं हे घरात बाईचं कर्तव्य आणि बाजारात पुरुषाचा धंदा, हे कसं झालं? खाणावळवाली खोलीतच राहिली, तिच्या खोलीला पाटी लागली नाही. हॉटेलाला पाटी लागली.

जेवून आम्ही पाच बागांकडे गेलो. दादर-माटुंग्याच्या मधल्या या बागा, मोठी जुनी झाडं, सावली, बाकं. आमच्यातली एक त्या बागांसमोरच्या इमारतीत अठरा वर्षं काम करते. तिला तिथली सगळी झाडं माहीत, कुठल्या झाडाखाली कावळे शिटतात तेही माहीत. बाकावर ती पहिल्यांदा बसली. बसली ती अशी टोकाला, कुणी उठवलं तर उठता यावं अशी. समोरच्या गच्चीवर तिच्या मालकीणबाई दिसल्या. ही पटकन पदर सावरून उभी राहिली. मग मावशींनी तिच्या पदराचं टोक धरून खाली ओढलं, ''रविवार आहे. बस.''

माटुंग्याहून गाडी पकडली. जाता जाता सांगायला हवं, की मध्य रेल्वेचं हे स्टेशन २०१७ साली पूर्णपणे महिला कर्मचाऱ्यांच्या हाती देण्यात आलं, उपनगरी गाड्यांच्या स्थानकांत ते देशातलं पहिलं. आमच्या बायकांना याचं अप्रूप फार.

सीएसएमटीला उतरून काळा घोडा. जहांगीर कलादालन १९५२ चं, आत जायला तिकीट नाही. पण तिकीट नसलं तरी पायरी असते. त्या पायरीशी तेराच्या तेरा जणी थबकल्या. चपला काढायच्या का, असं एकीनं विचारलं. मी 'नाही' म्हटलं तरी दोघींनी काढल्याच.

आत एका चित्रकाराची मोठमोठी चित्रं होती, खेड्यातल्या बायकांची. कमरेत बाक, डोक्यावर तीन-तीन हंडे, लांब माना. मी आपलं शिकल्यासारखं रंगांबद्दल काही बोलायला गेले. बीडच्या ताई बराच वेळ एका चित्रासमोर उभ्या होत्या. मग म्हणाल्या, ''हिचे हंडे रिकामे आहेत.'' मी विचारलं, कसं काय? म्हणाल्या, ''भरलेले असते तर मान अशी राहिली असती का? मानेची शीर बघा. आणि पाऊल असं नाचल्यासारखं पडत नाही, दाबून पडतं.'' तिथे उभा असलेला एक मुलगा, बहुधा चित्रकलेचा विद्यार्थी, तो वही काढून ऐकायला लागला. या ताईंना मी नंतर बी. प्रभा यांच्या कोळणींची चित्रं मोबाईलवर दाखवली. नागपूरजवळच्या बेला गावात १९३३ साली जन्मलेली ही चित्रकार, पुढे मुंबईत जे.जे. मध्ये शिकली आणि जन्मभर मुख्यतः बायकाच रंगवत राहिली. ताईंनी एक चित्र निरखून बघितलं आणि म्हणाल्या, ''हिची टोपली भरलेली आहे.''

बाहेर फुटपाथवर चित्रं विकायला मांडलेली असतात. तिथे एकजण वारली चित्रं विकत होता. आमच्या गटातली एक तलासरीकडची वारली आहे, लग्न होऊन मुंबईत आलेली, एरवी बैठकीत तोंड न उघडणारी. तिनं एक चित्र हातात घेतलं आणि विचारलं, ''देवचौक कुठंय?'' विक्रेत्याला कळेना. मग ती आम्हाला सांगायला लागली, आणि मी तिला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. लग्नाच्या वेळी गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढायचा. काढायच्या त्या सवाशिणींनी. चौकात पालघट देवी. धवलेरी गाणी म्हणणार, आणि चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. ''हे बायांचं काम,'' ती म्हणाली, ''बाप्ये काढत नव्हते.''

तिचं म्हणणं खरं आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर गेले, त्यांनी कागद आणि रंग दिले. त्यातून जिव्या सोमा मशे यांच्यासारखा थोर चित्रकार जगासमोर आला. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते वारले. त्यांच्या मोठेपणाबद्दल वाद नाही. पण चित्र भिंतीवरून कागदावर आलं, कागद बाजारात आला आणि चित्राखाली सही आली, तेव्हा ती सही बहुतेक पुरुषाची होती. माटुंग्याला पानावर जेवताना जे मनात आलं होतं तेच काळ्या घोड्याला पुन्हा समोर उभं राहिलं.

काळा घोडा म्हणजे मुळात सातव्या एडवर्डचा पुतळा, तो १९६५ मध्ये राणीच्या बागेत हलवला. २०१७ मध्ये त्या ठिकाणी नवीन घोडा उभा केला, तो नुसता घोडा आहे, वर स्वार नाही. मावशींनी त्याला प्रदक्षिणा घालून बघितलं आणि म्हणाल्या, ''याच्या पाठीवरनं उतरला वाटतं एकदाचा.''

या सगळ्या गमतीत एक गोष्ट राहून जायला नको. तेरापैकी आठ जणी सकाळपासून पाणी प्यायल्या नव्हत्या. मी बाटली पुढे केली की ओठ ओले करून परत देत होत्या. कारण तुम्हाला ठाऊक आहे. एका ठिकाणी स्वच्छतागृह सापडलं तिथे पुरुषांना मुतारी फुकट, आणि आमच्याकडून माणशी पैसे घेतले. नेमक्या याच अन्यायावर मुंबईतल्या संघटनांनी २०११ मध्ये 'राइट टू पी' मोहीम सुरू केली. किती निवेदनं, किती सह्या. तेव्हा काही लोकांनी या विषयाची टिंगल केली होती. पण बाईनं फिरावं असं म्हणायचं आणि तिला लघवीला जागा द्यायची नाही, याला काय म्हणायचं?

तिथून आम्ही ओव्हल मैदानातून चालत निघालो. एका बाजूला विद्यापीठ, हायकोर्टाच्या जुन्या दगडी इमारती, दुसऱ्या बाजूला १९३० च्या सुमाराची आर्ट डेको घरं. या दोन्हींना मिळून २०१८ साली युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं. मैदानात क्रिकेटचे कितीतरी डाव चालू होते. आमच्यातल्या एकीनं मोजलं, एकही मुलगी खेळत नव्हती.

मरीन ड्राइव्हला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. कट्ट्यावर ओळीनं बसलो, पाय समुद्राकडे. मी विचारलं, याआधी समुद्र कधी बघितला होता? बौद्ध मैत्रीण म्हणाली, ''दरवर्षी सहा डिसेंबरला. चैत्यभूमीला.'' दुसरी म्हणाली, गणपती विसर्जनाला. तिसरी म्हणाली, दिराच्या अस्थी सोडायला. एक म्हणाली, हाजीअलीला, नवस बोलायला. म्हणजे समुद्र प्रत्येकीनं बघितला होता, पण दरवेळी काहीतरी घेऊन किंवा काहीतरी सोडायला. नुसतं बसायला कुणीच आलेलं नव्हतं. नंतर कुणी फारसं बोललं नाही. कुणी गाणं म्हटलं नाही, भेंड्या नाहीत. मला आधी वाटलं, कंटाळल्या की काय. दीड तासानं 'निघूया' म्हटलं तर एकीनं माझ्याकडे न बघताच हातानं 'थांब' अशी खूण केली.

आता पुढचं. ते सांगितलं नाही तर हे भाषण खोटं होईल.

घरी खरं सांगून आलेल्या चौघींमध्ये मावशी होत्या. ''फिरायला चाललेय,'' असं नवऱ्याला सांगून त्या निघाल्या होत्या. रात्री साडेनऊला परतल्या तर दार आतून बंद. ''कुठं उंडारत होतीस तिकडंच जा.'' साठीची बाई, पस्तीस वर्षांचा संसार. त्या रात्री त्या शेजारणीकडे झोपल्या. चिठ्ठी घेऊन आलेल्या, मीटिंग सांगून आलेल्या नऊ जणींना कुणी काही विचारलं नाही.

सोमवारी मावशी केंद्रात आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी त्यांना २००५ चा कायदा समजावला, राहत्या घरातून बाईला असं बाहेर ठेवता येत नाही, आपण घटनेचा अहवाल भरू, नवऱ्याला बोलावू. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, ''ते करू. त्याला बोलवाच.'' मग मी म्हटलं, मावशी, तुम्हीही मीटिंग म्हणून सांगायला हवं होतं. त्यावर त्या जरा रागावल्याच. ''मीटिंग म्हणून गेले असते तर ती मीटिंगच झाली असती की. मग मी फिरायला कधी गेले?''

नवऱ्याला बोलावलं. तो दोनदा आला नाही, तिसऱ्यांदा आला. त्याच्याकडून लिहून घेतलं. त्याचं मन बदललं असं मी म्हणणार नाही; दार उघडं राहतं, एवढंच. आमच्या नोंदवहीत मी ही घटना लिहिली तेव्हा 'तक्रारीचे कारण' या रकान्यापाशी पेन अडलं. हुंडा नाही, दारू नाही, संशय नाही. मी 'फिरणे' असं लिहिलं. संस्थेच्या पुढच्या बैठकीत खजिनदारबाईंनी ती नोंद वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, ''पुढच्या वेळचा खर्च कुठे टाकायचा ते मी बघते.''

त्या सोमवारी निघताना मावशींनी पदराची गाठ सोडून वीस रुपये टेबलावर ठेवले होते, पुढच्या फेरीसाठी. पुढचं ठिकाण त्यांनीच सुचवलं. धारावीला लागून, माहीमच्या खाडीकाठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, १९९४ साली लोकांसाठी खुलं झालेलं. आज तिथे झाडी आहे, पक्षी आहेत, फुलपाखरं आहेत. १९७० च्या दशकापर्यंत तो शहराचा कचरा टाकायचा डेपो होता. मावशींची आई तिथे कचरा वेचायची आणि सात-आठ वर्षांच्या मावशी तिच्याबरोबर असायच्या. त्यानंतर वस्तीपासून हाकेच्या अंतरावर असूनही त्या तिथे कधी गेल्या नाहीत.

त्यांनी मला एवढंच विचारलं, ''तिथं बसायला बाकडी आहेत का?''

मी म्हटलं, बघून येते.